पुढचं रक्त कुठे तपासणार?

पत्राचा गोषवारा: वाचक ताई ३१ वर्षांच्या आहेत, सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतात. घरी ब्लाउज शिवून देतात, पती साखर कारखान्यात हंगामी कामाला आहेत. पाच वर्षांपूर्वी मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात जोराची धाप लागली. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आखडली आहे, हे तेव्हा कळलं. बाळंतपणानंतर बलून घालून झडप मोकळी केली. आता ती पुन्हा आखडली आहे, गळतेही आहे, आणि तिच्यात कॅल्शियम साचलं आहे. सर्जननी झडप बदलायला सांगितलं असून धातूची बसवायची की टिश्यूची, ते घरी विचार करून पुढच्या बुधवारी कळवा म्हणाले आहेत. पती म्हणतात धातूची, म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल. नणंद म्हणते टिश्यूची, जन्मभर गोळ्या कोण खाणार? सासूबाई माळकरी आहेत. गाईच्या कातड्याची वस्तू सुनेच्या छातीत नको, असं त्यांचं म्हणणं आहे. शिवाय घरात दुसऱ्या मुलाची अपेक्षा आहे. पत्राच्या शेवटी ताईंनी लिहिलंय, "सगळे आपापलं सांगतात. चांगला वाल्व कुठला, तेवढंच सांगा."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते एक गोष्ट शोधण्यासाठी, आणि ती मला सापडली नाही. मिस्टरांना काय वाटतं ते पत्रात आहे, नणंदेला काय वाटतं ते आहे, सासूबाईंचा जीव कशात अडकलाय तेही आहे. तुम्हाला स्वतःला दुसरं मूल हवंय की नाही, हे मात्र कुठेच नाही. "घरात अपेक्षा आहे" एवढंच लिहिलंय. वाल्वच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या न लिहिलेल्या वाक्यात आहे, म्हणून मी त्याकडे परत येणार आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी डॉक्टर नाही. २६ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. आधी हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात आणि शेवटची नऊ वर्षं वाल्वच्या रुग्णांच्या ओपीडीत. तुमचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मी पाहिलेला नाही. तेव्हा मी लिहिते आहे ते बुधवारी सर्जनसमोर बसताना हाताशी ठेवा आणि त्यांना त्यावरून विचारा. शेवटचं वैद्यकीय मत त्यांचंच.

दोन्ही वाल्व मी या हातांनी टेबलावर उघडून दिलेत. धातूचा म्हणतात खरा, पण हल्लीच्या दोन पात्यांच्या वाल्वची पाती कार्बनची असतात, काळीभोर आणि गुळगुळीत. हलवलं की टिक असा आवाज येतो. भोवती पांढऱ्या कापडाची जाड कड असते, तुम्ही ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग लावता तशी. सर्जन आधी हृदयात चौफेर बारा-पंधरा टाके घालून ठेवतात, ते सगळे दोरे या कडेतून ओवतात आणि मग वाल्व दोऱ्यांवरून हळूहळू खाली सरकवत जागेवर बसवतात. बायका मला विचारायच्या, "सिस्टर, हे आत गंजणार नाही ना?" नाही गंजत. आपल्या देशात बनणारा चित्रा वाल्वही धातूच्याच गटात मोडतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवला, आणि आजवर लाखाच्या वर लोकांच्या छातीत तो चाललाय. त्यात एकच चकती असते, तीही पॉलिथिलीनची, म्हणजे एका जातीच्या चिवट प्लास्टिकची. बाहेरच्या देशांतल्या वाल्वपेक्षा तो बराच स्वस्त पडतो. कुणी "देशी आहे, नको" म्हणालं तर घाबरू नका.

टिश्यूचा वाल्व बरणीत येतो, औषधी द्रवात बुडवलेला. तो दोन-तीन वाडग्यांत सलाईन घेऊन नीट खळबळून घ्यायचा, हे आमचं सिस्टरांचं काम. दुधावरच्या सायीच्या रंगाच्या तीन पाकळ्या असतात. जनावराच्या हृदयाभोवतीच्या पातळ पिशवीपासून त्या कापून शिवलेल्या असतात, किंवा डुकराच्या हृदयातली आख्खी झडपच घेतलेली असते. मऊ असतो, आवाज करत नाही.

दोन्ही चांगलेच आहेत, ताई. त्यांची पुढची वागणूक निराळी आहे, आणि ती तुमच्या घरातल्या तिघांनी अर्धीअर्धीच ऐकलेली आहे.

तुमच्या मिस्टरांचं "एकदाच होऊन जाऊ दे" घ्या. धातूचा वाल्व झिजत नाही, बहुतेकांना जन्मभर पुरतो, हे खरं. पण त्याच्यावर रक्ताची गुठळी धरायला बघते. ती धरू नये म्हणून वॉर्फरिन किंवा एसिनोकुमारॉलची गोळी रोज घ्यावी लागते, आणि गोळीचा असर बरोबर आहे का हे पाहायला पीटी-आयएनआर नावाची रक्ततपासणी करत राहावी लागते. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो. मायट्रल जागी धातूचा वाल्व असेल तर तो साधारण अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगतात. खाली गेला की गुठळीची भीती, वर गेला की रक्तस्रावाची. म्हणजे ऑपरेशन एकदाच झालं तरी काम एकदाचं होत नाही, ते रोज संध्याकाळी असतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतला एक तरुण मला आठवतो. वाल्व बसवून दोन वर्षं झाली होती, तब्येत झकास. गोळ्या संपल्या तेव्हा टोळी दुसऱ्या कारखान्याच्या वाटेवर होती. बारा दिवस गेले. त्याला काहीच होत नव्हतं, म्हणून वाटलं चालतंय. तेराव्या दिवशी बसल्या जागी धाप लागली. आमच्याकडे आणला तेव्हा मी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि वाल्वचा तो टिक आवाजच येईना. पातं गुठळीत अडकलं होतं. तो वाचला, पण छाती पुन्हा उघडावी लागली. धातूचा वाल्व असूनही दुसरं ऑपरेशन त्याला चुकलं नाही.

आणि एक बाई होत्या, मला वाटतं चौथीपर्यंत शिकलेल्या. महिन्यातून एकदा पहाटेच्या एसटीने यायच्या, साखरेच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेली शंभरपानी वही घेऊन. तारीख, आयएनआर, गोळी किती, असे तीन रकाने आम्हीच आखून द्यायचो. चौथा रकाना त्यांनी स्वतः काढला होता. त्यात लिहायच्या, "गौरी-गणपती", "ताप, गोळी घेतली", "श्रावण, पालेभाजी नाही", "रानात मेथी भरपूर". आयएनआर का हलला, ते आम्हाला त्या चौथ्या रकान्यात दिसायचं. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांची तिसरी वही चालू होती.

तुम्ही रोज मापांच्या वह्या ठेवता. कुणाची बाही किती, कुणाची छाती किती, दोन वर्षांनी गिऱ्हाईक आलं तरी तुम्हाला सापडतं. तेव्हा वही ठेवणं तुम्हाला जमेल याबद्दल मला शंका नाही. माझी शंका दुसरीकडे आहे. तुमच्या गावातून पीटी-आयएनआर होणारी लॅब किती लांब आहे? तालुक्याला होतो, की तिथे नुसतं रक्त काढून नमुना सांगली-मिरजेला पाठवतात आणि रिपोर्ट तिसऱ्या दिवशी येतो? एका खेपेला भाडं किती, ब्लाउजचा किती धंदा बुडतो, आणि रिपोर्ट आला की गोळी कमी-जास्त करून सांगणारं फोनवर कोण आहे? सुरुवातीला ही खेप आठवड्याला असते, घडी बसली की महिन्याला. हंगामात मिस्टर घरी नसताना तुम्हाला कोण नेणार? मुलगी कुणाकडे राहणार? हे सगळं या बुधवारच्या आत एका कागदावर लिहून काढा. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मायट्रल झडपेसाठी ६५ वर्षांच्या आतल्या रुग्णाला धातूचा वाल्व बसवणं योग्य ठरेल असं म्हटलंय, पण त्याच सूचनांत हेही आहे की ज्याला ही गोळी नीट सांभाळता येणार नाही किंवा घ्यायचीच नाही, त्याला कुठल्याही वयात टिश्यूचा वाल्व द्यावा. लॅब किती लांब आहे, हा वैद्यकीय प्रश्नच आहे. सर्जननी विचारला नाही तर तुम्ही होऊन सांगा.

घरी बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारं यंत्र मिळतं. यंत्र आणि पट्ट्या महाग आहेत, पण लांब खेड्यात राहणाऱ्यांनी दोन-तीन घरांत मिळून घेतलेलं मी पाहिलंय. आणि कुणी सांगेल की आता रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या आल्यात, त्यांना तपासणी लागत नाही. धातूच्या वाल्वला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान नावाची तशी गोळी धातूच्या वाल्वच्या रुग्णांना देऊन पाहिली, तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही; तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

आता नणंदबाई. "टिश्यूला गोळी नाही" हे पूर्ण खरं नाही. मायट्रल जागी टिश्यू वाल्व बसवला तरी सुरुवातीचे तीन ते सहा महिने रक्त पातळ करायची गोळी देतातच. आणि झडप वर्षानुवर्षं आखडलेली असली की हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगतो, ठोके बेताल पडायला लागतात. त्याला डॉक्टर एएफ म्हणतात. तुम्हाला एएफ असेल तर टिश्यूचा वाल्व बसवूनही गोळी बहुधा चालूच राहील, आणि मग टिश्यूचा मोठा फायदाच निघून गेला. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही. ईसीजीवर एएफ आहे का, हा बुधवारी विचारायचा पहिला प्रश्न.

टिश्यूचा दुसरा भाग वयाचा. तरुण शरीरात टिश्यूचा वाल्व लवकर खराब होतो, त्यात कॅल्शियम साचतं, पाकळी फाटते. पासष्टीच्या माणसाला जो पंधरा वर्षं सहज जातो, तो तिशीतल्या बाईला आठ-दहा वर्षांत, कधी त्याआधीही, दगा देऊ शकतो. मायट्रल जागी तर अधिकच. तुम्ही आज ३१ च्या आहात. म्हणजे चाळिशीच्या आसपास दुसरं ऑपरेशन धरूनच चालायचं. ते पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असतं. हल्ली मांडीतल्या नसेतून जुन्या टिश्यू वाल्वच्या आत नवा बसवतात. ते तंत्र चांगलं आहे, पण त्या वाल्वचा खर्च अनेक लाखांत जातो, आणि प्रत्येकीला ते जमेलच असं नाही. "दहा वर्षांनी बघू, तेव्हा सोपं झालेलं असेल" या भरवशावर आजचा निर्णय उभा करू नका.

कॅलिफोर्नियात १९९६ ते २०१३ या काळात झडपा बदललेल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मायट्रल झडपेच्या बाबतीत सत्तरीपर्यंतच्या वयात धातूचा वाल्व बसवलेली माणसं जास्त जगली, असं त्यात दिसलं. मिस्टरांच्या बाजूने हा मोठा पुरावा आहे. पण रक्त तपासायला कॅलिफोर्नियातल्या माणसाला जे कष्ट पडतात ते आणि तुम्हाला पडतात ते सारखे नाहीत, हे लक्षात ठेवून तो वाचायला हवा.

आता त्या न लिहिलेल्या वाक्याकडे येते.

धातूचा वाल्व घेऊन बाळंतपण होत नाही असं नाही, पण तो वाल्वच्या बाईच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा काळ असतो. वॉर्फरिन वारेतून बाळापर्यंत पोचतं. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीला अपाय करू शकतं, गर्भ पडण्याचीही भीती वाढते. डोस जितका कमी तितका हा धोका कमी. म्हणून त्या आठवड्यांत बऱ्याचदा गोळी थांबवून रक्त पातळ ठेवणारी हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. ती बाळाला सुरक्षित असतात, पण वाल्वचं रक्षण गोळीइतकं करत नाहीत, म्हणजे धोका बाळाकडून आईकडे सरकतो. अनेक देशांतल्या गरोदर हृदयरुग्णांची एक मोठी नोंद ठेवली जाते. तिचे २०१५ साली आलेले आकडे सांगतात की धातूचा वाल्व असलेल्या शंभर जणींपैकी ५८ जणी मोठं विघ्न न येता जिवंत बाळासह पार पडल्या, टिश्यूच्या शंभरपैकी ७९. त्या बऱ्याच जणी मोठ्या हॉस्पिटलांत नाव घातलेल्या होत्या.

म्हणून मुलाची मनापासून इच्छा असलेल्या तरुण बाईला टिश्यूचा वाल्व सुचवतात, दुसरं ऑपरेशन पत्करून. त्यात चुकीचं काही नाही. पण ताई, ती इच्छा तुमची असायला हवी. टिश्यूचा वाल्व दुसऱ्या मुलासाठी म्हणून घेतला, तर त्याची किंमत चाळिशीत तुम्ही तुमच्या छातीने मोजणार आहात, अपेक्षा धरणारं दुसरं कुणी नाही. त्या वेळी तुमची मुलगी दहावीच्या आसपास असेल. पहिल्या वेळेस सातव्या महिन्यात काय झालं, ते घरातल्या कुणाहीपेक्षा तुम्हाला जास्त आठवत असणार. एका लेकीवर थांबणं हा पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो, त्यात काही कमी पडत नाही. आणि दुसरं मूल हवंसं वाटणं हाही तुमचा हक्क आहे, आजारी आहात म्हणून तो जात नाही. एकदा मिस्टरांना घेऊन, बाकी कुणी नसताना, यावर बोला. जमलं तर बुधवारी त्यांना डॉक्टरांसमोर बसवूनच बोला. धातूचा वाल्व आणि बाळंतपण हे दोन शब्द एका वाक्यात त्यांनी बहुधा अजून ऐकलेले नाहीत.

एक गोष्ट बाईला कुणी आपणहून सांगत नाही, ती मी सांगते. रक्त पातळ करायच्या गोळीवर पाळी जास्त जाऊ शकते. काहींना इतकी की रक्त कमी होऊन पुन्हा धाप लागते, आणि बाईला वाटतं वाल्वच बिघडला. तुमची पाळी आत्ताच जास्त असेल तर ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला दोन्ही घ्या. पाळणा लांबवण्याच्या नेहमीच्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो, आणि साध्या तांबीने पाळी आणखी जाते. धातूचा वाल्व घेणार असाल तर गर्भनिरोधाचं काय, हे वाल्वबरोबरच ठरवायला हवं. मूल नको असं दोघांचं ठरलं, तर पुरुष नसबंदी हा सगळ्यात सोपा उपाय आहे. मिस्टरांना एका दिवसात घरी सोडतात, आणि तुमच्या अंगावर आणखी एक ऑपरेशन पडत नाही.

सासूबाईंबद्दल. माळ घातलेल्या बाईच्या मनाला गाईचं नाव लागतं, हे मला समजतं, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना शांतपणे एवढं सांगा, की ऑपरेशनमध्ये हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवतात तेव्हा हेपॅरिन द्यावंच लागतं, आणि ते बहुधा डुकराच्या आतड्यापासून काढलेलं असतं. वाल्व धातूचा असो की टिश्यूचा, ते चुकत नाही. आमच्याकडे माळकरी आले, जैन आले, मुसलमान आले. घरात आधी थोडी घालमेल व्हायची, मग जिवापुढे सगळे राजी व्हायचे. तुमचा स्वतःचा श्रद्धेमुळे टिश्यूला नकार असेल तर सर्जनला स्पष्ट सांगा, त्याचा मान राखतात. सासूबाईंचा असेल, तर त्यांना हात जोडून समजावायचं काम मिस्टरांचं.

तर माझं मत. तुम्ही दोघांनी एका लेकीवर थांबायचं ठरवलं आणि आयएनआर किमान महिन्यातून एकदा वेळेत होऊन त्याच दिवशी डोस सांगणारं माणूस असेल, तर धातूचा वाल्व घ्या. तुमच्या वयाला, मायट्रल जागेला तोच जास्त शोभतो. एएफ असेल तर आणखीच. दुसरं मूल तुम्हाला स्वतःला हवं असेल, तर टिश्यूचा घ्या. मग गरोदर कधी राहायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि दुसऱ्या ऑपरेशनसाठी आजपासून महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाका. आणि मूल नको, पण रक्त तपासायची सोयच नाही, गोळी सुटणारच अशी परिस्थिती असेल, तर लाजू नका, सर्जनना तसं सांगा. न सांभाळलेला धातूचा वाल्व टिश्यूपेक्षा फार वाईट.

बुधवारी आणखी एक विचारा. झडप दुरुस्त होणार नाही, असं सर्जनचं मत दिसतं. ते बहुधा बरोबरच असेल, कारण कॅल्शियम धरलेली झडप सहसा शिवता येत नाही. तरी दुरुस्तीची बरीच ऑपरेशनं करणाऱ्या एखाद्या सर्जनला इको दाखवायला हरकत आहे का, असं नम्रपणे विचारा. स्वतःची झडप राहिली तर हा सगळा प्रश्नच उरत नाही. चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत.

पैशाचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याचं ऑपरेशन बसतं, आणि योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. हॉस्पिटल योजनेत आहे ना, आणि तुम्ही निवडाल तो वाल्व पूर्ण खर्चासह त्यात येतो की वर काही भरावं लागतं, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडून, आधी समजून घ्या. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचं नाव जुळतं का ते आत्ताच पाहून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं काम इथे अडतं.

हे वाचणाऱ्या इतरांनी ताईंचं उत्तर जसंच्या तसं स्वतःला लावू नये. सत्तरीतल्या आजोबांची महाधमनीची म्हणजे एओर्टिक झडप बदलायची असेल, तर टिश्यूचा वाल्व हे बहुतेक वेळा सरळ उत्तर आहे. पन्नास ते पासष्टच्या मधे एओर्टिक झडपेला दोन्ही चालतात, आणि तिथे खरोखरच माणसाच्या कामाधंद्यावर, स्वभावावर ठरतं. झाडावर चढणारा, बैल हाकणारा, मोटरसायकलवर दिवसभर फिरणारा माणूस रक्त पातळ करायच्या गोळीवर असताना डोक्यावर पडला तर काय, हा विचार घरच्यांनी करावा. आणि धातूच्या वाल्वच्या आवाजाचं म्हणाल, तर तो शांत रात्री ऐकू येतो. बहुतेकांना दोन-चार महिन्यांत सवय होते. एक आजोबा मला म्हणाले होते, रात्री जाग आली की आधी तो आवाज ऐकतो, मगच कूस बदलतो.

ज्यांचा धातूचा वाल्व आधीच बसलाय त्यांच्यासाठी. मेथी, पालक, शेपू सोडायची गरज नाही. रोज साधारण सारखं खा. श्रावणात, नवरात्रात खाणं एकदम बदललं की एक जादा तपासणी करा. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणू नका, काढे आणि चूर्णंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. अँटिबायोटिक सुरू झालं की चार-पाच दिवसांत आयएनआर करा. एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दुकानदाराने वॉर्फरिनच्या जागी एसिनोकुमारॉल देऊन "एकच आहे" म्हटलं, तर घेऊ नका. दोन्हींच्या मिलिग्रॅमचा हिशोब वेगळा आहे. वाल्वचा आवाज अचानक मंद झाला, धाप लागली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, डोक्याला मार लागला किंवा शौचाला काळी झाली, तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच घटकेला निघा.

ताई, ऑपरेशनच्या आधी दात दाखवून घ्या. किडलेली दाढ आधी काढलेली बरी. वाल्व कुठलाही असला तरी पुढे प्रत्येक वेळी दात काढताना आधी अँटिबायोटिक घ्यावं लागेल, कारण तोंडातले जंतू नव्या वाल्ववर जाऊन बसतात. संधिवाताचं पेनिसिलिनचं दर एकवीस दिवसांचं इंजेक्शन चालू असेल, तर "वाल्व बदलला, आता कशाला" म्हणून बंद करू नका. धातूचा वाल्व घेतलात तर ते इंजेक्शन दंडात-कमरेत देण्याऐवजी गोळीच्या रूपात घ्यायचं का, तेवढं विचारून ठेवा, कारण आयएनआर वाढलेला असताना सुईच्या जागी आत रक्त साकळतं.

आणि मुलीला ताप येऊन घसा दुखायला लागला, गिळताना रडायला लागली, तर हळद-दुधावर चार दिवस काढू नका. डॉक्टरांना दाखवा, त्यांनी अँटिबायोटिक दिलं तर बरं वाटलं तरी पूर्ण दिवस संपवा. तुमचा आजार लहानपणी अशाच एका दुखऱ्या घशातून सुरू झाला होता.